कापराचा झुरका

सिगरेट मी पाच वेळा सोडली आहे आणि पाचही वेळा अगदी मनापासून. सोडण्याचा मला दांडगा अनुभव आहे. पुन्हा न धरण्याचा नव्हता.

सहाव्या खेपेला मी बसून नीट विचार केला. ऑफिसात एखादी सिस्टिम कोसळली की आम्ही कारण शोधतो, तसं पाच अपयशांचं कारण शोधलं. कधी च्युइंगम होतं, कधी दंडाला चिकटवायची पट्टी, दोनदा व्हेप, म्हणजे वाफ ओढायची विजेवरची सिगरेट. पण पडझड दर वेळी एकाच पद्धतीने झाली होती. पर्याय संपला, पर्यायाचं दुकान बंद झालेलं आणि सिगरेटचं दुकान उघडं. हे मी पाच वर्षं अनुभवलं आणि मग एका दुपारी कागदावर लिहिल्यावर मला कळलं. इंजिनियर म्हणतात ते उगाच नाही.

बायको छातीची डॉक्टर. कार्डिफच्या हॉस्पिटलात दिवसभर दुसऱ्यांची फुप्फुसं ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन माझी. पहिल्यांदा मी पुन्हा ओढायला लागलो तेव्हा ती भांडली. दुसऱ्यांदा भांडली, तिसऱ्यांदा भांडून रडली. चौथ्यांदा नुसतीच भांडली. पाचव्यांदा तिने दारातच माझा कोट हातात घेतला, वास घेतला, खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "जेवायला वाढू का?"

बास. एवढंच. मी भांडणाची पूर्ण तयारी करून आलो होतो, दोन-तीन मुद्देही काढून ठेवले होते. ते सगळे तसेच पोटात घेऊन वरणभात जेवलो. सहाव्या खेपेला सोडली तेव्हा मी तिला सांगितलं, "या वेळी शेवटची." ती म्हणाली, "बरं." दूधवाला येणार नाही म्हटल्यावर माणूस जसं बरं म्हणतो, तसं. तेव्हाच मी ठरवलं की काही झालं तरी सातव्यांदा सोडायची वेळ येऊ द्यायची नाही.

पहिले चार महिने मी वापरून फेकायचे ते रंगीबेरंगी व्हेप ओढले. टरबुजाच्या चवीचे. पंचेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला गृहस्थ बसस्टॉपवर उभा राहून गुलाबी नळीतून टरबूज ओढतोय, हे दृश्य मी स्वतः बाहेरून पाहिलेलं नाही, ही देवाचीच कृपा. मग सरकारने त्या फेकायच्या नळ्यांवर बंदी घातली आणि मला भरून वापरायचं यंत्र घ्यावं लागलं. त्यात कॉइल असते. कॉइल म्हणजे स्प्रिंगसारखं तारेचं वेटोळं. त्याच्या पोटातून कापूस ओवलेला असतो, कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ होते, ती आपण ओढायची. तयार कॉइल आठवडा-दोन आठवडे टिकते म्हणतात. मी दोन दिवसांत जाळायचो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला व्हेपचं दुकान आहे. ते चालवते साठीची एक बाई, दंडावर ड्रॅगन गोंदवलेला. आठवड्यात तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने जळकी कॉइल उजेडात धरली.

"लव्ह," ती म्हणाली, इकडे कुठल्याही गिऱ्हाइकाला असंच म्हणतात, "तू हे ओढतोस की चावतोस?"

"जरा जास्त होतं माझं."

"मग स्वतः बांधायला शीक. आतली कॉइल आपणच बांधायची अशी टाकी मिळते. तार आणि कापूस घरात असला की दुकानाची वाट बघायला नको. हाताने काही करता येतं का तुला?"

"मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर आहे."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.

दुकानाची वाट बघायला नको, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. माझ्या कागदावरच्या कारणाचं ते सरळ उत्तर होतं. मी टाकी घेतली, कापसाची पिशवी घेतली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला. तार घेतली नाही. तार काय, घरात आहे की.

आता याचं मूळ सांगायला हवं. माझ्या वयाच्या मराठी मुलाला घरचा फ्यूज बांधता येणं ही मुंजीनंतरची दुसरी दीक्षा होती. पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज ओढून काढायचा, तार गुंडाळायची, स्क्रू आवळायचे, आणि अंधारातून सगळ्या बिऱ्हाडाचा जयघोष घ्यायचा. ती कला या देशात कोणी मागितली नव्हती, पण मी फ्यूजच्या तारेचं एक कार्ड वीस वर्षं जपून ठेवलं होतं. तेच काढलं. बागेतल्या शेडमध्ये बसून सहा सुंदर वेढे घातले, यंत्रावर चढवले, बटण दाबलं. पडद्यावर आलं: शॉर्ट. सोडून पुन्हा बांधली. शॉर्ट. बारा वेळा बांधली आणि मग यंत्रच सदोष आहे असा निष्कर्ष काढून दुकानात गेलो.

बाईने तार नखाने वाकवली. "ही कुठली?"

"घरची."

"घरची," ती म्हणाली आणि काउंटरखालून खरी तार काढून माझ्या हातात दिली. फ्यूजच्या तारेला रोध जवळजवळ नसतोच, तिचं काम वितळायचं, लाल होऊन तापत राहायचं नाही. हे मी परीक्षेत लिहून पास झालेलो आहे.

खऱ्या तारेने पुढची प्रगती झाली. ड्रिलच्या तीन मिलिमीटरच्या पात्यावर वेढे घालायचे, दोन्ही टोकं दोन बारक्या खांबांत अडकवून स्क्रू आवळायचे, उरलेली तार कापायची. पहिला स्क्रू शेडच्या फळ्यांमधून खाली गेला, तो अजून तिथेच आहे. मग कोरी कॉइल हळूच तापवून बघायची. ती मधून दोन्हीकडे सारखी लाल व्हायला हवी. माझी एका टोकालाच पेटायची. चिमट्याने दाबून वेढे सारखे करायचे असतात. मी बोटाने केले. उजव्या हाताची तर्जनी. तिच्याच ठशावर ऑफिसचा लॅपटॉप उघडतो, त्यामुळे सोमवारी हेल्पडेस्कला फोन करावा लागला. कारण काय नोंदवू, असं तिकडच्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, "कुकिंग."

एकदा कापूस घालायलाच विसरलो आणि लालभडक तारेवरून कोरडी हवा ओढली. एकदा कापूस सैल झाला, लिक्विड गळून शर्टाच्या खिशात गेलं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं की खोलीत कोणी फळं आणली आहेत का. बाकी बहुतेक वेळा मी कापूस ठासून भरायचो. जास्त कापूस म्हणजे जास्त लिक्विड, असा माझा हिशोब. चव यायची जळक्या गादीची. तरी मी चिकाटीने बांधत राहिलो. रोज एक. यंत्र चाललं नाही की तयार कॉइलीवर दिवस काढायचा, संध्याकाळी पुन्हा शेड. सिगरेट मात्र नाही.

हे सगळं चोरून चाललं होतं, कारण त्याच सुमाराला सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. जावई सिगरेट ओढायचा हे त्यांना माहीत नव्हतं, असं मी आणि बायको दोघंही धरून चाललो होतो. त्यांनी चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरला होता. एक लाख वाती हाताने वळून देवापुढे लावायच्या. त्यासाठी सामानात दोन किलो पिंजलेला कापूस घेऊन आल्या. एअरपोर्टवर अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली आणि विचारलं, हे काय. आई, म्हणजे सासूबाईच, म्हणाल्या, "फॉर गॉड." त्याने बॅग बंद केली.

त्या कुठेही वाती वळायच्या. टीव्हीपुढे, बसमध्ये, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये लेकीची वाट बघताना. मांडीवर कापडी पिशवी, डाव्या हातात कापसाचा पुंजका, उजव्याने वात. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची. माझ्याविषयी त्यांनी पुण्याला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं: "ते ना, शेडमध्ये बसून काहीतरी बारीक बारीक करत असतात. तब्येत बरी आहे."

मग तो रविवार आला. बायकोची ड्यूटी रात्री आठपर्यंत. मी दुपारभर शेडमध्ये होतो, तीन कॉइली बांधल्या, तिन्ही जळक्या गादीच्या. चौथीसाठी पिशवीत हात घातला तर कापूस संपलेला. तयार कॉइल सकाळीच जळाली होती. घड्याळ बघितलं: सव्वाचार. दुकान रविवारी चारला बंद.

पर्याय संपलेला, पर्यायाचं दुकान बंद. पेट्रोल पंपावरच्या दुकानात मात्र सिगरेट मिळते, सातही दिवस. शेडमध्ये बसल्याबसल्या माझ्या तळहातांना घाम आला. चौथ्या खेपेला पुन्हा धरली तोही रविवारच होता.

तेवढ्यात सुचलं की घरात दोन किलो कापूस आहे. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी उठून उभाच राहिलो. मागायचं म्हणजे सांगावं लागणार, म्हणून मागायचं नाही. आई बाहेरच्या खोलीत होत्या. किचनमध्ये बॉयलरशेजारच्या फळीवर आमचं देवघर, त्याच्यापुढे स्टीलच्या डब्यात वळलेल्या लांब वाती. मी चपला बाहेर काढून आत गेलो. चोरी असली तरी देवघर ते देवघर. डब्यातून पाच वाती उचलल्या. पांढऱ्याशुभ्र, कोरड्या, एकसारख्या. दुकानातल्या कापसापेक्षा कितीतरी चांगल्या.

शेडमध्ये येऊन पाचांना एकत्र पीळ दिला, कॉइलीतून ओढल्या, लिक्विड सोडलं, बटण दाबलं आणि भरपूर ओढलं.

आई त्या डब्यात वातींबरोबर भीमसेनी कापूर ठेवतात. वातींना वास लागावा म्हणून. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की नाकातून, कानांतून आणि डोळ्यांतून एकाच वेळी थंडगार जाळ बाहेर पडतोय. छातीत कोणीतरी आख्खं देऊळ उघडलं. मी शेडच्या दाराला धरून इतका खोकलो की शेजारच्यांची मांजर कुंपणावरून उतरून निघून गेली.

किचनच्या दारात आई आल्या. हातात कापूस होताच.

"कापराचा वास येतोय. आरती कोण करतंय?"

"मी," मी म्हणालो.

"शेडमध्ये?"

"हो."

"कोणाची?"

डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या भक्तीच्या समजल्या जातील अशी एक आशा होती. आईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला, मी प्यायलो ते शांतपणे बघितलं आणि आत गेल्या.

खरं तर त्या खोकल्यानंतर माणसाला आयुष्यात काही ओढावंसं वाटू नये. दहा मिनिटांनी मी गाडीची किल्ली शोधत होतो.

"पेट्रोल भरून येतो," मी म्हटलं.

"थांबा, मीही येते," आई चपला घालत म्हणाल्या. "दिवसभर घरात बसून पाय आखडले."

पंप पाच मिनिटांवर. त्या शेजारी बसून वाती वळत होत्या. मी गाडी पेट्रोलपाशी नेलीच नाही, टायरमध्ये हवा भरतात तिथे कोपऱ्यात लावली.

"पेट्रोल तिकडे आहे," आई म्हणाल्या.

"आधी आत जाऊन येतो. च्युइंगम घ्यायचंय."

"च्युइंगम की सिगरेट?"

त्यांनी मान वर केली नव्हती. बोटं चालूच होती.

"डब्यात पाच वाती कमी आहेत," त्या म्हणाल्या. "नेमाच्या वाती आहेत जावईबापू, एकेक मोजलेली असते. आणि शेडच्या खिडकीतून रोज संध्याकाळी टरबुजाचा धूर निघतो, तो मला दिसतो. सिगरेटचं मात्र मला लग्नातच कळलं होतं. तुम्ही मांडवामागे गेलात आणि बडीशेप खात खात परत आलात."

"आई, मी सोडली आहे. सहाव्यांदा."

"तुमच्या सासऱ्यांनी तपकीर नऊदा सोडली. मी मोजायची."

"मग?"

"दहाव्यांदा सुटली. ते जाऊ दे. वाती कशाला हव्या होत्या?"

मी खिशातून यंत्र काढून दाखवलं. सगळं सांगितलं, तार, कापूस, जळकी गादी, बंद दुकान. दुकान बंद असलं की माझं काय होतं तेही सांगितलं. आईंनी चष्मा लावला, टाकी उघडायला लावली आणि आतली वात चिमटीत धरून बाहेर ओढली. चेहऱ्यावर असे भाव की पोळी करपवणाऱ्या नव्या सुनेसमोर बसल्या आहेत.

"ही कोणी वळली?"

"मूळच्या तुमच्याच. मी फक्त पीळ दिला."

"पीळ दिलात. दोरी करायची होती का? विहिरीला लावायला?" त्यांनी वात माझ्या हातावर ठेवली. "अहो, घट्ट वळली की तेल चढत नाही, वात वरच्या वर जळते. फार सैल झाली की तेल ठिबकतं. वातीच्या पोटात जागा लागते. एवढी साधी गोष्ट. इंजिनियर ना तुम्ही?"

तीन आठवडे मी जे शेडमध्ये शोधत होतो ते मला टायरच्या हवेच्या मशीनशेजारी, चष्म्यावरून बघत सांगण्यात आलं.

"भोक केवढं आहे?" त्यांनी विचारलं. मी कॉइल दाखवली. त्यांनी पिशवीतून कापूस घेतला, बोटांनी विंचरला, आडवेतिडवे तंतू सरळ केले आणि तळहातावर एकदाच फिरवला. "भस्म लावते बोटाला, म्हणजे पकड येते."

"नको. भस्म नको, दूध नको, काही नको. कोरी."

"आणि कापूर?"

"आई."

पहिली वात जाड झाली, आत जाईना. त्यांनी ती फेकली नाही, समईच्या वातींत ठेवली. दुसरीचं टोक नखाने निमुळतं केलं आणि ती कॉइलीतून अशी गेली की जाताना थोडी कुरकुर केली, पण अडली नाही. मी दोन्ही टोकं त्यांच्या इवल्या कात्रीने कापली.

"टोकं दाबू नका. मोकळी करा. पितात ती टोकंच."

मी लिक्विड सोडलं आणि बटणावर बोट नेलं.

"थांबा. मुरू दे जरा."

आम्ही थांबलो. समोर लोक आत जात होते, बाहेर येत होते. काचेतून काउंटरमागचं सिगरेटचं बंद दारांचं कपाट मला दिसत होतं. आत काय, कुठल्या फळीवर, कुठल्या हाताला, सगळं मला पाठ आहे. किल्ली हातात होती आणि दार माझ्या बाजूचं होतं. आईंच्या तेवढ्यात चार वाती वळून झाल्या. मला उठू नका असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

"हं. बघा आता."

काच खाली केली, तोंड बाहेर काढलं आणि ओढलं. गादी नाही, कापूर नाही. टरबूज. स्वच्छ, सरळ टरबूज. मी दुसऱ्यांदा ओढलं, तिसऱ्यांदा, आणि हाताचा घाम वाळला.

"हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही," आई म्हणाल्या.

"नाही."

"हेही सोडायचं."

"हो. आधी ते एक नीट सुटू दे."

"आणि माझ्या पाच वाती द्यायच्या वळून. देवाच्या आहेत."

अर्धा तास लागला. पहिल्या सहा त्यांनी नापास केल्या, सातवी उलटसुलट बघून "चालेल" म्हणाल्या. गाडी अडवल्याबद्दल कोणीतरी हॉर्न वाजवला, कारण त्याला हवा भरायची होती. आईंनी त्याला हाताने थांबायची खूण केली. तो थांबला. पाचवी पास झाल्यावर मी गाडी सुरू केली आणि पंपावरच्या दुकानाच्या दाराकडे न जाता रस्त्याला लागलो. पेट्रोल भरायचं राहूनच गेलं.

बायको सव्वाआठला आली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली आणि थांबली.

"कापूर कसला?"

थाप मारायला उत्तम संधी होती, आरती तयारच होती. मी म्हणालो, "आज पंपावर गेलो होतो. सिगरेट आणायला. आणली नाही."

मग मी बाकीचं सांगितलं, देवघरापासून. कापराच्या झुरक्यापर्यंत आलो तेव्हा ती एका पायात बूट घेऊन उभी राहिली.

"कापूर ओढलास? छातीत? किती ओढलास? दम लागतोय का? अरे, अक्कल नावाची वस्तू कुठे ठेवतोस तू? कापूर विषारी असतो, माहीत आहे का? इकडे ये. शर्ट वर कर."

पिशवीतून स्टेथोस्कोप निघाला. थंडगार चकती पाठीवर फिरत होती आणि वरून बोलणं अखंड चालू होतं. मी कसा मूर्ख आहे, पाच वेळा तिला कसं मूर्ख बनवलं, पाचव्यांदा तर तिने बोलायचंही सोडून दिलं होतं, आईला यात कसं ओढलं, उद्यापासून लिक्विड कमी निकोटिनचं आणि दर महिन्याला आणखी एक पायरी खाली, आणि तारीख ती स्वतः कॅलेंडरवर लिहिणार. आतून आईंनी आमटी दोनदा गरम केली. मध्ये एकदा मी काही म्हणायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," बायको म्हणाली. "श्वास घे. खोल."

मी घेतला.

"आणखी एकदा," ती म्हणाली, आणि चकती जराशी डावीकडे सरकवून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.